पिवळी स्कूटर

मी पनवेल तालुक्यातल्या गव्हाणचा. आमच्याकडे हळदीची रात्र गाण्याशिवाय सरत नाही. माझ्या लहानपणी धवले गाणाऱ्या बायका असत. पुढे कर्ण्यावर आगरी-कोळी गीतांच्या कॅसेट वाजू लागल्या. त्या काळात आमच्या घरी एक निराळी कॅसेट आली, ती मामूंमुळे. मामू मुंबई-गोवा रस्त्यावर ट्रक चालवायचे. तो रस्ता पनवेलपासूनच सुरू होतो, म्हणून गोवा आम्हाला कधी परका वाटला नाही. म्हापशाच्या बाजारातून त्यांनी ती कॅसेट आणली. गाणी इंग्रजी, मला निम्मी कळली नाहीत. मामू म्हणाले, "दुकानदार सांगत होता, हा गाणारा स्वतःच स्कूटरवरनं येऊन कॅसेट देऊन जातो."

हा गाणारा म्हणजे रेमो फर्नांडिस. १९५३ साली पणजीत जन्मलेला, मुंबईच्या जे.जे.त वास्तुरचनेचं शिक्षण घेतलेला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकून आला. स्वतःची गाणी घेऊन मुंबईतल्या कंपन्यांकडे गेला, पण कुणी दाद दिली नाही. मग त्यानं शिवोलीतल्या राहत्या घरीच ध्वनिमुद्रण केलं. १९८४ साली 'गोवन क्रेझी' आली. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाज त्याचा, वाद्यंही त्यानंच वाजवलेली. निर्माता तोच आणि वितरकही तोच. पिवळ्या स्कूटरवर कॅसेट लादून तो गोव्यातली दुकानं पालथी घालायचा.

हे तेव्हाच का जमलं? तबकडी काढायची तर कारखाना लागे, आणि कारखाना म्हणजे मोठी कंपनी. कॅसेटची प्रत मात्र छोट्या यंत्रावर निघे. शिवाय १९७९ पासून चार ट्रॅकवर मुद्रण करणारी घरगुती यंत्रं बाजारात आली होती. एका ट्रॅकवर गिटार भरायची, ती ऐकत दुसऱ्यावर ढोल, तिसऱ्यावर आवाज. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२ चा 'नेब्रास्का' अशाच यंत्रावर घरी भरला. फरक एवढाच, की त्याच्या पाठीशी मोठी कंपनी होती. आमच्या रेमोपाशी स्कूटर होती.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. १९८५ साली त्यानं जुनी गोवेकर गाणी नव्यानं बांधली. १९८६ साली गर्दच्या व्यसनाविरुद्ध 'पॅक दॅट स्मॅक' काढली. श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये तो दिसला, 'जलवा'नं त्याला हिंदी श्रोत्यांपर्यंत नेलं. नकार देणाऱ्या धंद्यातल्याच मोठ्या कंपन्यांनी पुढे त्याच्या कॅसेट काढल्या. २००७ साली पद्मश्री मिळाली. पण माझ्या मनात घर करून राहिली ती स्कूटरच.

त्याला कारण आहे. मी कविता लिहितो. वीसेक वर्षांपूर्वी हस्तलिखित घेऊन एका प्रकाशकाकडे गेलो होतो. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, "कविता बऱ्या आहेत. पण हे बोलीतले शब्द काढा. आणि तुमच्या समाजाबद्दल काही लिहिलं असेल तर दाखवा." खाडी, मिठागरं आणि सिडकोत गेलेली भातशेती, हाच माझा समाज, हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. हस्तलिखित पिशवीत घालून मी एसटी धरली. घरी आल्यावर मामूंची कॅसेट आठवली. पनवेलच्या एका छापखान्यात पाचशे प्रती काढल्या. अजून शंभरेक प्रती माझ्या पलंगाखाली आहेत.

इथं एक कबुली देतो. काही वर्षं मी रेमोची गोष्ट 'कंपनीची गरज नाही' एवढीच सांगत फिरलो. ती अर्धीच होती. निर्माता म्हणजे नुसता पैसे घालणारा नव्हे. गाण्यातलं काय ठेवायचं, काय गाळायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे निर्माता. चारच ट्रॅक असले की दोन वाद्यं एकावर मिसळावी लागतात. एकदा मिसळली की वेगळी करता येत नाहीत. म्हणून घरी एकट्यानं काम करणाऱ्याला स्वतःशीच कठोर व्हावं लागतं. मी स्वतःचा प्रकाशक झालो, पण संपादक झालो नाही. माझ्या संग्रहातल्या साठ कवितांपैकी वीस तरी मी आज गाळीन. बोलीतला मात्र एकही शब्द काढणार नाही.

आता आमच्या गव्हाणातली पोरं मोबाइलवर गाणं बांधतात आणि संध्याकाळपर्यंत जगासमोर टाकतात. कुणाच्या दारात ताटकळावं लागत नाही. चांगलंच आहे. परवा त्यातला एक पोरगा मला विचारत होता, "चाचा, गाणं टाकलं, पण कुणी ऐकत नाही." मी म्हटलं, "हळदीला जा, नाक्यावर जा, लोकांना समोर बसून ऐकव. कुठल्या ओळीला त्यांची मान हलत नाही, तेवढं बघ आणि ती ओळ बदल."

त्याला सांगितलं खरं. मग मीही पलंगाखालून दहा प्रती काढल्या, पुसल्या आणि पिशवीत भरल्या. माझ्याकडे स्कूटर नाही, पण पनवेलची एसटी आहे.