मतपेटीजवळचा माणूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



निवडणुकीत परस्परविरोधी उमेदवार असतात. त्यामुळे मतपेटीजवळ प्रत्येकाचा माणूस बसणार, हे ओघानेच येते. सार्वमताची गोष्ट वेगळी आहे. तेथे एक प्रश्न असतो आणि उत्तराला दोनच शब्द असतात : होय किंवा नाही. मग 'नाही'च्या वतीने मतपेटीजवळ बसायचे कोणी? आणि प्रश्न विचारणारी सत्ताच जेव्हा उत्तर मोजणार असते, तेव्हा त्या मोजणीवर विश्वास कोणाच्या भरवशावर ठेवायचा? दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाच्या जनतेने ५ ऑक्टोबर १९८८ रोजी या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते लोकशाहीवर श्रद्धा असणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावे असे आहे.

साल्वादोर अलेंदे यांचे लोकनियुक्त समाजवादी सरकार ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने उलथून टाकले. त्यानंतर जनरल ऑगस्तो पिनोशे यांच्या राजवटीने मतदारयाद्या नष्ट केल्या, डाव्या पक्षांवर बंदी घातली आणि उरलेल्या पक्षांचे कामकाजही बंद पाडले. तरीही हुकूमशहाला लोकांच्या होकाराची गरज भासतच होती. जानेवारी १९७८ मध्ये त्याने जनतेचा कौल घेतला. मतपत्रिकेवर 'होय'पाशी देशाचा ध्वज छापला होता आणि 'नाही'पाशी काळा. सप्टेंबर १९८० मध्ये नव्या संविधानावर मत घेतले गेले, तेही मतदारयाद्यांवाचून. कोरी मतपत्रिका 'होय' म्हणून धरण्यात आली. विरोधी पक्षांचा माणूस मोजणीला नव्हता. सरकारने ६७ टक्के होकार जाहीर केला आणि तो आकडा खोटा ठरवण्यासाठी विरोधकांच्या हाती एक कागदही नव्हता. शंका पुष्कळ होत्या, परंतु शंकेने हुकूमशहा हलत नाही.

याच संविधानात आठ वर्षांनी पुन्हा सार्वमत घेण्याची तरतूद होती. लष्करप्रमुखांनी एक नाव सुचवायचे आणि त्या व्यक्तीला आणखी आठ वर्षे सत्ता द्यायची की नाही, एवढेच लोकांनी सांगायचे. नाव अर्थातच पिनोशे यांचे निघाले. विरोधकांत तीव्र मतभेद झाले. हुकूमशहाच्या संविधानाखाली, हुकूमशहाच्या नियमांनी खेळायचे म्हणजे त्या नियमांना मान्यता देणे नव्हे काय? हा आक्षेप क्षुल्लक नव्हता. ज्यांचे सहकारी मारले गेले किंवा नाहीसे झाले, ते लोक तो घेत होते.

या वादाला निर्णायक वळण देणारी बाब वरवर अगदी किरकोळ होती. कायद्याने नोंदणीकृत पक्षांना प्रत्येक मतदान-टेबलावर आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला होता. समाजवाद्यांना स्वतःच्या नावाने नोंदणी करणे शक्य नव्हते. तेव्हा रिकार्डो लागोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९८७ मध्ये 'लोकशाहीसाठी पक्ष' या नावाचा नवा पक्ष काढला. सार्वमतात उतरण्याचे आणि त्यावर देखरेख ठेवण्याचे साधन म्हणूनच तो जन्मला होता. त्यासाठी हजारो सह्या जमवाव्या लागल्या. हुकूमशाहीत विरोधी पक्षासाठी सही करणे म्हणजे आपले नाव आपल्याच हाताने सरकारदरबारी नोंदवणे होय. लोकांनी ते केले. राजवटीची मान्यता वाढवण्यासाठी नव्हे, तर मतपेटीजवळच्या एका खुर्चीचा हक्क मिळवण्यासाठी त्यांनी ही जोखीम पत्करली.

देशभर सुमारे बावीस हजार टेबले होती. पुरुषांची वेगळी, स्त्रियांची वेगळी. बाहेर बंदोबस्ताला सशस्त्र सैनिक होते. टेबलाचे काम मतदारांतूनच नेमलेल्या नागरिकांकडे होते आणि पक्षांचे प्रतिनिधी शेजारी बसत. या प्रतिनिधीला कसलाही हुकूम सोडता येत नव्हता. त्याने पाहायचे, चुकीवर आक्षेप घ्यायचा आणि तो आक्षेप नोंदवून घ्यायचा. मतदान संपताच त्याच टेबलावर, सर्वांसमक्ष मोजणी होई. निकालाचा आकडा लिहून घेऊन आपल्या केंद्राकडे पोहोचता करणे, हे प्रतिनिधीचे अखेरचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम. ते अवघे एका कागदाचे काम होते. पण अशा हजारो कागदांची बेरीज सरकारच्या बेरजेशेजारी ठेवता येत होती.

त्या रात्री नेमके हेच घडले. गृहखात्याच्या उपसचिवांनी प्रथम अगदी थोड्या टेबलांचे आकडे वाचून दाखवले, त्यांत 'होय' पुढे होता. त्यानंतर सरकारी आकडे रेंगाळू लागले. पण 'नाही'च्या कचेरीत आकडे येतच होते आणि ते जाहीरही होत होते. 'होय'च्या बाजूच्या प्रतिनिधींनीही तीच मोजणी डोळ्यांनी पाहिली होती, हे विसरून चालणार नाही. त्यामुळे सत्य एकाच पक्षाच्या मालकीचे राहिले नव्हते. उजव्या पक्षाचे नेते सेर्खिओ ओनोफ्रे हार्पा यांनी त्याच रात्री दूरचित्रवाणीवर 'नाही'चा विजय मान्य केला. मध्यरात्रीच्या सुमारास हवाई दलप्रमुख फर्नांडो मात्थेई यांनी ला मोनेदा या राष्ट्राध्यक्ष-प्रासादात शिरताना पत्रकारांना तेच सांगितले. १९७३ मध्ये हवाई दलाने बॉम्बफेक केली होती, तोच हा प्रासाद. ९७ टक्क्यांहून अधिक मतदान झाले होते, आणि जवळजवळ ५६ टक्के मते 'नाही'च्या बाजूने पडली होती.

परदेशांतूनही निरीक्षक आले होते. स्पेनचे माजी पंतप्रधान आदोल्फो सुआरेझ त्यांत होते. त्यांच्या उपस्थितीचे मोल कमी लेखू नये. जगाचे डोळे लागलेले असले म्हणजे लबाडी महाग पडते. परंतु चार दिवसांचा पाहुणा बावीस हजार टेबलांवर बसू शकत नाही. तो साक्षीदार होऊ शकतो. हिशेब मात्र घरच्या माणसालाच ठेवावा लागतो.

निरीक्षकाची मर्यादा याहून कठोरपणे पूर्व तिमोरने दाखवली. तेथील सार्वमत ३० ऑगस्ट १९९९ रोजी खुद्द संयुक्त राष्ट्रांनी घेतले. इंडोनेशियांतर्गत स्वायत्ततेचा प्रस्ताव ७८.५ टक्के मतदारांनी नाकारला आणि स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा केला. मोजणी चोख होती. मात्र सुरक्षेची जबाबदारी करारान्वये इंडोनेशियाकडेच राहिली होती. निकालानंतर लष्कराच्या पाठबळावरील सशस्त्र टोळ्यांनी गावेच्या गावे जाळली, शेकडो माणसे मारली आणि निरीक्षकांनाही देश सोडावा लागला. मताची राखण झाली, पण मतदाराची झाली नाही.

चिलीतही सर्व काही एका रात्रीत पालटले नाही. १९९० मध्ये पात्रिसियो आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले. तरी पिनोशे १९९८ पर्यंत लष्करप्रमुखपदी राहिले. संविधानात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. २०२० च्या सार्वमतात ते बदलावे असा प्रचंड कौल मिळाला, पण २०२२ आणि २०२३ मध्ये पुढे आलेले दोन्ही मसुदे लोकांनीच नाकारले.

म्हणून निरीक्षकाकडून अवाजवी अपेक्षा नको. तो क्रांती करीत नाही, न्यायही देत नाही. लोकांनी जे म्हटले तेच कागदावर उतरले, एवढीच हमी तो देतो. पण १९८० आणि १९८८ या दोन सार्वमतांतील अंतर नेमके या हमीचे आहे. संविधान तेच होते, हुकूमशहा तोच होता, बंदुकाही त्याच होत्या. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी प्रत्येक मतपेटीजवळ दिवसभर न उठता बसणारा एक सामान्य माणूस होता. मोर्चात हजारांनी चालणे आवश्यक आहे; तितकेच आवश्यक आहे रात्री शेवटची मतपत्रिका उलगडेपर्यंत जागेवर बसून राहणे. या दुसऱ्या कामाला टाळ्या पडत नाहीत. म्हणूनच ते कार्यकर्त्याचे काम आहे.