आधार हा पीडिताचा हक्क

कॉम्रेड्स, बेंगळुरूच्या कपडा कारखान्यात राबणाऱ्या मातेच्या मुलावर अत्याचार झाला, तर तिच्यापुढे दोन संकटे उभी राहतात : न्यायालयाची पायरी आणि बुडणारी मजुरी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखालील २०२० च्या नियमांनी अशा बालकास तपासापासून निकालापर्यंत साहाय्यक व्यक्ती देण्याची तरतूद केली. पण केवळ कळवळा पुरत नाही. तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारल्यास जखम चिघळते. साक्ष पढवल्यास खटला कोसळतो. म्हणूनच प्रशिक्षण हवे. बेंगळुरूच्या निम्हान्समधील ‘संवाद’ उपक्रमाने बालसंरक्षण कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचे काम हाती घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साहाय्यकांच्या प्रशिक्षणाबरोबर योग्य मोबदल्याचाही आग्रह धरला. शासनाने हे काम दानधर्मावर सोडता कामा नये.