वाद कशासाठी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दूधविनायक, काशी येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव अन्य वक्ते आमच्याहून अधिक अधिकाराने करतील. आम्ही पडलो केंद्र सरकारचे नोकर. बदलीचा हुकूम येईल तेथे बिऱ्हाड हलविणारे. विद्वत्तेचा आमचा दावा बी. ए.च्या पदवीपलीकडे जात नाही. म्हणून एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे. मनुष्य वाद का करतो? मनातील विचार दुसऱ्यास सांगितल्यावाचून त्यास चैन का पडत नाही? ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा यांच्या सान्निध्यातील या गल्ल्यांत हा प्रश्न विचारणे उचितच आहे. कारण महाराष्ट्रातून काशीस आलेल्या मंडळींनी तीर्थवासाइतक्याच निष्ठेने वादही केला.

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य जाणण्यासाठी चालतो तो वाद, प्रतिपक्षास जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करणे ही वितंडा. विशेष हे की, शेवटचे दोन प्रकार शास्त्रकारांनी सर्वस्वी त्याज्य ठरविले नाहीत. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी कुंपण घालतात, तसा सत्याच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग त्यांनी मान्य केला. जिंकण्याची हौस मनुष्यस्वभावातून जाणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. परंतु कुंपण म्हणजे पीक नव्हे.

या हौसेचे मोठे उदाहरण काशीतच घडले. १६ नोव्हेंबर १८६९ रोजी दुर्गाकुंडाजवळच्या आनंदबागेत, काशीनरेशांच्या उपस्थितीत, स्वामी दयानंद सरस्वती आणि काशीचे पंडित यांचा मूर्तिपूजेवर शास्त्रार्थ झाला. पंडितांच्या बाजूस आपले बाळशास्त्री रानडे होते. लोकांची प्रचंड गर्दी लोटली आणि सभेची अखेर गोंगाटात झाली. पुढे दोन्ही पक्षांनी आपापली हकीकत छापली आणि विजय आपलाच झाला असे सांगितले. कोणत्याही पक्षाची थोरवी यामुळे उणी होत नाही. मात्र निर्णय प्रेक्षकांच्या जयघोषावर अवलंबून राहिला, म्हणजे जाणत्यांच्या वादासही जल्पाचे वळण लागते, एवढा बोध आपण घ्यावा.

आता दुसरे उदाहरण पाहू. पैठणहून काशीस आलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' पूर्ण केला. त्यांचे चुलतभाऊ नीलकंठभट्ट यांनी 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यास आश्रयदात्या राजाचे नाव आहे. तेव्हा मान आणि आश्रय यांची अपेक्षा विद्वानांसही होती, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु केवळ तेवढ्यासाठी लिहावयाचे, तर एका भावाने सांगितलेलेच दुसऱ्याने पुन्हा सांगून भागले असते. तसे झाले नाही. एकाच घराण्यातील या दोघांची मते कित्येक ठिकाणी भिन्न आहेत, आणि ती सकारण मांडलेली आहेत.

या मतभेदांचे महत्त्व पोथीपुरते राहिले नाही. नीलकंठभट्टांनी 'व्यवहारमयूखा'त वारसांच्या क्रमात बहिणीस स्पष्ट स्थान दिले. पुढे गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत मुंबईच्या न्यायालयांनी हा ग्रंथ प्रमुख प्रमाण मानला. १९५६ साली हिंदू वारसा कायदा होईपर्यंत तेथील वारसाहक्काच्या खटल्यांत काशीत लिहिलेल्या या ग्रंथाचा आधार घेतला जात असे. गंगेच्या काठी केलेला विचार कोकणातल्या एखाद्या बहिणीच्या पदरात पडला, तो असा.

या ग्रंथांची पद्धतही ध्यानी घ्यावी. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी मत, त्याच्या कारणांसह मांडावयाचे. मग उत्तर द्यावयाचे. त्यामुळे हरलेले मतही ग्रंथात जिवंत राहते आणि पुढच्या पिढीतील एखादा विद्वान त्याची बाजू पुन्हा घेऊ शकतो. आपले म्हणणे मान्य झाले नाही तरी ते नोंदले जाईल, ही खात्री असल्याशिवाय मनुष्य मोकळेपणाने बोलत नाही.

तिसरे उदाहरण बाबूराव विष्णु पराडकर यांचे. मराठी घरात काशीत जन्मलेल्या या गृहस्थांनी 'आज' या हिंदी दैनिकाच्या संपादनात आयुष्य वेचले. 'मुद्रास्फीती'सारखे शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांस दिले जाते. १९३०च्या सत्याग्रहकाळात 'रणभेरी' हे गुप्त पत्र निघाले, त्यात त्यांचा प्रमुख भाग होता. गुप्त पत्रावर संपादकाचे नाव नसते. तेथे लौकिक नाही, दक्षिणा नाही. तुरुंगाची शक्यता तेवढी आहे. तरीही मनुष्य लिहितो. जे आपणांस पटले ते आपल्यापाशीच राहिले तर ते अर्धेच राहते, आणि दुसऱ्याच्या मनात उतरल्यावाचून त्यास पूर्णता येत नाही, ही जाणीवच त्याच्या हाती लेखणी देते. विजयाची हौस आणि मानाची इच्छा यांहून खोल असलेली प्रेरणा ती हीच, असे आम्हांस वाटते.

सरकारी नोकरीने आम्हांस याचा एक लहानसा पडताळा दिला. फाइलवर कनिष्ठ लेखनिकाने विरुद्ध टिपणी लिहिली, तर ती वरिष्ठांस न रुचो, पण ती फाइलमध्ये राहते. जेथे अशी टिपणी लिहिणारे होते, तेथील कामकाज आम्हांस निकोप आढळले. जेथे प्रत्येक कागदावर केवळ 'सहमत' होते, तेथे शांतता होती. पण माणसांचे कामातून मन उडाले होते.

हे सर्व आज सांगण्याचे प्रयोजन असे की, परप्रांतांतील मराठी मंडळांस भांडणांपेक्षा या शांततेचे भय अधिक आहे. ज्या घरांत आता हिंदीच बोलली जाते, त्यांस आपले म्हणावे की नाही? मुलांसाठी मराठीचा वर्ग चालवावा, की उत्सवातच सर्व शक्ती खर्चावी? या प्रश्नांवर मतभेद असणारच. भांडणारा सभासद पुढच्या सभेस येतो. ज्याने बोलणे सोडले, तो मनाने मंडळ सोडून गेलेला असतो. वर्गणी तेवढी काही वर्षे येत राहते.

म्हणून आमची एक सूचना आहे. यापुढे वार्षिक सभेच्या इतिवृत्तात संमत ठरावाबरोबर नामंजूर झालेले मतही त्याच्या कारणांसह लिहावे. यास खर्च नाही. लागेल ती वहीची चार पाने अधिक. शतकमहोत्सवाच्या वेळी जे ही वही उघडतील, त्यांस आपण काय ठरविले हे तर कळेलच, पण आपण एकमेकांचे किती ऐकून घेतले, हेही कळेल.

ही सूचना ज्यांस पटली नसेल, त्यांनी आता उठून तसे सांगावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.