मुन्नारचे चहामळे : पाहुण्यांची वाट आणि कामगारांचे घर



कोचीहून मुन्नारला जाणारा रस्ता सुमारे १३० किलोमीटरचा आहे. सखल भागातील रबराची लागवड मागे पडते, घाट सुरू होतो, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर डोंगरउतार एकाएकी कापून-विंचरून ठेवल्यासारखे दिसू लागतात. येथे पोचलेला प्रवासी, मग तो महाराष्ट्रातून आलेला असो वा अन्य कोठून, प्रथम गाडी थांबवून छायाचित्र घेतो. पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून या दृश्याला निसर्गसौंदर्य म्हटले जाते. ही हिरवाई मात्र बहुतांशी माणसाच्या हातची आहे. चहाचे झुडूप मोकळे सोडले तर त्याचा उंच वृक्ष होतो. खुडणाऱ्या बाईच्या कमरेइतके ते ठेवायचे, तर ठरावीक वर्षांनी त्याची छाटणी करावी लागते आणि हंगामात थोड्या-थोड्या दिवसांनी कोवळी पाने काढावी लागतात. हा क्रम चुकला की काही वर्षांतच मळ्याचे रान होते.

हे रान मुळात होतेच. १८७७ मध्ये जे. डी. मन्रो या इंग्रज अधिकाऱ्याने पूंजारच्या राजघराण्याकडून कण्णन देवन टेकड्यांची जमीन पट्ट्याने मिळविली. १८८० च्या सुमारास चहाची पहिली लागवड झाली. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या कण्णन देवन हिल्स प्रोड्यूस कंपनीमार्फत फिनले समूहाने ती वाढविली. पुढे १९६४ मध्ये टाटांशी सहकार्य झाले आणि १९८३ मध्ये टाटा टी कंपनीचा अंमल सुरू झाला. नल्लतण्णी येथील चहा संग्रहालयात या काळाच्या खुणा जपल्या आहेत. पाने चुरडण्याची जुनी यंत्रे आहेत, १९१३ मधील दगडी सूर्यघड्याळ आहे, कुंडला खोऱ्यातील छोट्या रेल्वेचे अवशेष आहेत. या रेल्वेने चहा टॉप स्टेशनपर्यंत जाई आणि तेथून रज्जुमार्गाने तामिळनाडूच्या बाजूला खाली उतरे. १९२४ च्या महापुराने ती रेल्वे वाहून नेली. मल्याळी पंचांगाप्रमाणे ते १०९९ हे वर्ष असल्याने केरळात आजही तो ‘नव्व्याण्णवचा पूर’ म्हणूनच ओळखला जातो. पाने कोमेजविणे, चुरडणे, हवेत ठेवून तांबूस होऊ देणे आणि गरम हवेने वाळविणे ही सारी प्रक्रिया पाहुण्यांना येथे दाखविली जाते. आपल्या घरी दूध घालून उकळला जाणारा दाणेदार चहा याच रीतीने तयार होतो.

संग्रहालयात यंत्रे पुष्कळ आहेत. माणसे त्या मानाने थोडी. मळ्यांवर राबणारी कुटुंबे प्रामुख्याने तामिळनाडूतून, ‘कंकाणी’ नावाच्या मुकादमांमार्फत आणली गेली. त्यांत दलित समाजातील लोकांचे प्रमाण मोठे होते. पिढ्यानपिढ्या केरळात राहूनही त्यांची घरची भाषा तमिळच राहिली. पाने खुडण्याचे काम बहुतांशी स्त्रियांकडे असते. आता बोटांऐवजी पेटी जोडलेली कात्री वापरली जाते. दिवसाला ठरावीक वजनाची पाने हे येथील मूळ प्रमाण; त्यापुढील वजनावर जादा मोबदला मिळतो. उतारावर, पावसात, भिजलेल्या झुडपांतून वाट काढत भरलेली पिशवी वजनकाट्यापर्यंत आणायची असते, हे रस्त्यावरून घेतलेल्या छायाचित्रात दिसत नाही.

मुन्नारचे खरे वेगळेपण मात्र २००५ या वर्षात आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चहाचे भाव कोसळले होते. याच इडुक्की जिल्ह्यातील पीरमेड भागात अनेक मळे मालकांनी सोडून दिले आणि कामगार कुटुंबे रोजगाराविना तेथेच अडकून पडली. मुन्नारमध्ये टाटा टीने मळ्यांचा कारभार सोडला, तेव्हा कण्णन देवन हिल्स प्लँटेशन्स ही नवी कंपनी स्थापन झाली व तिच्या भागभांडवलाचा मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांनी घेतला. बारा हजारांहून अधिक कर्मचारी, ज्यांत खुडणी करणाऱ्या स्त्रिया बहुसंख्य होत्या, भागधारक झाले. मळे चालू राहिले. पीरमेडची अवस्था लक्षात घेता हे यश लहान मानता येणार नाही.

तथापि भागाचे प्रमाणपत्र हाती आले म्हणून कारभारात शब्द मिळतोच असे नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये बोनस २० टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या घरात आणल्याच्या निषेधार्थ हजारो कामगार स्त्रियांनी मुन्नारमध्ये राष्ट्रीय महामार्ग रोखून धरला. ‘पेम्पिळै ओरुमै’, म्हणजे स्त्रियांची एकजूट, या नावाने ते आंदोलन ओळखले जाते. त्यांचा रोष व्यवस्थापनाइतकाच प्रस्थापित कामगार संघटनांवरही होता. पुरुष पुढाऱ्यांना त्यांनी जवळ फिरकू दिले नाही. बोनस व सानुग्रह रक्कम मिळून २० टक्के देण्याचे मान्य झाल्यावर रस्ता मोकळा झाला. त्याच वर्षीच्या स्थानिक निवडणुकांत या स्त्रियांपैकी काही निवडूनही आल्या.

वेतनाचा प्रश्न निदान वाटाघाटीच्या मेजावर येतो. घराचा येत नाही. मळ्यांवर रांगेने बांधलेल्या खोल्यांना ‘लयम’ म्हणतात. गिरणगावातील बैठी चाळ डोळ्यांपुढे आणली की त्यांची कल्पना येते. मळे कामगारांना निवारा, दवाखाना व पाळणाघर देण्याचे बंधन १९५१ च्या कायद्याने मालकांवर घातले आणि पुढे हा विषय २०२० च्या श्रमसंहितेत समाविष्ट झाला. परंतु लयममधील खोली नोकरीशी बांधलेली असते. निवृत्त होताच ती सोडावी लागते. अपवाद एवढाच की कुटुंबातील कोणी मळ्यावर कामाला लागलेले असावे. तीस-पस्तीस वर्षे त्याच डोंगरावर राबलेल्या बाईला स्वतःची म्हणून जमीन नसते, आणि मुलीने शिकून शहरात नोकरी धरावी की आईचे छप्पर राखावे, असा पेच अनेक घरांत उभा राहतो.

६ ऑगस्ट २०२० च्या रात्री अतिवृष्टीने पेट्टीमुडी येथे दरड कोसळून लयमच्या रांगा गाडल्या गेल्या आणि ७० जणांना प्राण गमवावे लागले. वीज व दूरध्वनी बंद असल्याने बाहेर वार्ता पोचायला दुसरा दिवस उजाडला. वाचलेल्या कुटुंबांसाठी पुढे कुट्टियार खोऱ्यात शासनाने दिलेल्या जागेवर घरे बांधण्यात आली. स्वतःच्या नावावर घर होण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागावी, हे नियोजनाच्या दृष्टीने भूषणावह नाही.

इरविकुलम राष्ट्रीय उद्यानात नीलगिरी ताहर हा रानबोकड पाहण्यासाठी पर्यटकांच्या गाड्या राजमलापर्यंत जातात. दोन्ही बाजूंना चहा असतो. बारा वर्षांनी फुलणाऱ्या नीलकुरिंजीच्या काळात, जशी ती २०१८ मध्ये फुलली होती, तेथे रीघ लागते. पेट्टीमुडी त्या थांब्याच्या पुढे आहे. पेट्टीमुडीच्या मृतांचे दफन मात्र राजमलालाच झाले.