पुन्हा वाचण्यासाठी लिहिलेली वही

ख्रिस्ती साधनेतल्या रोजनिशीचा इतिहास सांगायचा तर थेट चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात जावे लागेल. तिथे संत अँथनी आपल्या शिष्यांना सांगत असत की, मनात उठणारे विचार लिहून काढा, आणि ते एकमेकांना दाखवायचे आहेत असे समजून लिहा. लाजेने तरी पाप टळेल. पुढे ऑगस्टिनचे आत्मनिवेदन आले. ते आपल्याला परिचित आहे, म्हणून तिथे थांबत नाही. मला एकच गोष्ट मांडायची आहे. रोजनिशी लिहिण्याने माणसाचे जे भले होते, त्याहून कितीतरी अधिक ती पुन्हा वाचण्याने होते. आणि वाचताना जुने वाक्य न खोडणे हा या साधनेतला सर्वांत कठीण भाग आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची सुंदर रीत आहे. उपासनेत एखादा उभा राहतो आणि देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगतो. पण तीच साक्ष वीसदा सांगून झाली की नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होते. मधले अडखळलेले महिने गळून पडतात, सगळा उजेड जणू एकाच संध्याकाळी पडला असे वाटू लागते. सांगणारा खोटे बोलत नसतो, स्मरणच तसे वागते. त्या स्मरणाला अडवणारा साक्षीदार म्हणजे त्या त्या दिवशी लिहिलेले पान.

येशूसंघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांची रोजनिशी पाहा. तिचा २ फेब्रुवारी १५४४ ते २७ फेब्रुवारी १५४५ एवढाच भाग आज उरला आहे. संघाच्या चर्चना कायमचे उत्पन्न असावे की नसावे, या प्रश्नाचा ते चाळीस दिवस देवासमोर विचार करत होते. मिस्साच्या आधी, मिस्सा चालू असताना आणि नंतर डोळ्यांत पाणी आले का, याची नोंद जवळजवळ रोज आहे. एवढ्यावरून कोणी त्यांना भावविवश ठरवील. मला त्या हस्तलिखितातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. काही मजकुराभोवती त्यांनी रेघा मारल्या आहेत आणि त्यातला काही भाग वेगळ्या कागदावर उतरवून घेतला आहे. याचा अर्थ ते मागे वळून वाचत होते. १२ मार्चला मनात कोरडेपणा दाटला, तेव्हा त्यांना उमगले की निर्णय केव्हाच झाला आहे. आपण फक्त भरल्या मनाने समारोप व्हावा म्हणून आणखी खुणा मागत बसलो आहोत. त्यांनी तिथेच विचार संपवला. उत्पन्न नको, हे ठरले.

आता मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली. यांच्यावर मी दोन मिनिटे बोलणार होतो, पण पुरावा इथेच सर्वांत भक्कम आहे, तेव्हा जरा सविस्तर बोलतो. वेस्लींनी १७२५ साली ऑक्सफर्डला खाजगी रोजनिशी सुरू केली. ती सांकेतिक लिपीत होती, इतकी की तिचा उलगडा विसाव्या शतकात झाला. काही वर्षांनी तर ते तासातासाची नोंद ठेवू लागले आणि भक्तीत मन किती लागले याला एक ते नऊ असा आकडा देऊ लागले. आपण हसलात, ते स्वाभाविक आहे. कृपेला गुण देता येत नाहीत हे वेस्लीही पुढे शिकले. या खाजगी वह्यांखेरीज त्यांनी छापलेला वृत्तांत वेगळा. २४ मे १७३८ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत लूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचली जात असताना त्यांचे अंतःकरण ऊबदार झाले, ही हकीकत त्यातलीच. मेथडिस्ट मंडळी आजही तो दिवस पाळते. पण त्याच वृत्तांतात ४ जानेवारी १७३९ ची नोंद आहे, आणि तिथे वेस्ली सरळ लिहितात की मी आजही ख्रिस्ती नाही, कारण आत्म्याची फळे माझ्यात दिसत नाहीत. ऑल्डर्सगेटला आठ महिनेही झाले नव्हते! साक्ष म्हणून सांगताना ही नोंद कोण ठेवील? वेस्लींनी ती छापली. त्याहून मोठी गोष्ट पुढची. १७३८ च्या आरंभी, अमेरिकेहून परतल्यावर त्यांनी लिहिले होते की दुसऱ्यांना देवाकडे वळवायला गेलेला मी स्वतःच कधी वळलो नव्हतो. पस्तीसेक वर्षांनी, सत्तरी गाठल्यावर, समग्र लेखन पुन्हा छापताना त्यांनी ते वाक्य तसेच राहू दिले आणि खाली टीप घातली की याबद्दल मला आता खात्री वाटत नाही. आणखी एका जागी टीप दिली की तेव्हाही माझ्याजवळ विश्वास होता, पण तो सेवकाचा, पुत्राचा नव्हे. तरुण वेस्ली स्वतःवर फार कठोर होता, हे म्हाताऱ्या वेस्लीला दिसले. कृपा तेव्हाही काम करत होती, हे कळायला ते कठोर वाक्य जागेवर असणे भागच होते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की सतत स्वतःकडे बघणारा माणूस देवाकडे केव्हा बघणार? आक्षेप खरा आहे. प्युरिटनांच्या रोजनिश्यांत अपराधांची अशी काही मोजदाद सापडते की वाचणाऱ्याचा जीव घुसमटतो. पण ती घुसमट रोजच्या पानाची आहे. आजच्या पानावर मी आणि माझे पाप एवढेच दिसते. पाच वर्षांची पाने सलग वाचली की ज्या प्रार्थनेचे उत्तर आपण विसरून गेलो होतो, तेही दिसते. म्हणून आत्मरत वृत्तीवर औषध वही बंद करणे नाही, मागची पाने उघडणे आहे. लिहिता न येणाऱ्यांचे काय, असेही विचारले जाते. मंडळीने रोजनिशी कधी कोणावर बंधनकारक केलेली नाही आणि तारण तिच्यावर अवलंबून नाही, एवढे उत्तर पुरे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. दार लावून गुप्तपणे प्रार्थना करा, असे प्रभूने शिकवले; मग कागदावर लिहून ठेवणे म्हणजे कोणीतरी वाचावे ही छुपी इच्छाच नव्हे का? काहींच्या बाबतीत असेलही. पण इथे डेव्हिड ब्रेनर्डचे उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये काम केलेला हा मिशनरी १७४७ साली धर्मशास्त्रज्ञ जोनाथन एडवर्ड्सच्या घरी वारला, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी. त्याची रोजनिशी एडवर्ड्सने १७४९ मध्ये छापली. भारतात आलेला मिशनरी विल्यम केरी याच्यावर तिचा खोल परिणाम झाला. १८०५ साली केरीसह बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी आपसांत जो करार केला त्यात ब्रेनर्डचे नाव आहे. आणि केरीचे मराठी व्याकरण छापले गेले तेही त्याच वर्षी. म्हणजे त्या खाजगी वहीचा धागा आपल्या भाषेपर्यंत येऊन पोहोचला. तरीही ब्रेनर्डने आपल्या सुरुवातीच्या दोन वह्या नष्ट करायला लावल्या होत्या. परक्या डोळ्यांपासून त्या राखण्याचा त्याला पूर्ण हक्क होता, आणि गुप्ततेच्या आज्ञेशी ते सुसंगतही आहे. माझी हळहळ वाचकांसाठी नाही. वेस्लीने सत्तरीत जी टीप लिहिली तशी टीप लिहायला ब्रेनर्डला आयुष्यच मिळाले नाही, आणि मिळाले असते तरी ती घालायला पान उरले नव्हते.