लळा कोणत्या भाषेत लागतो?

जालन्यात आमच्या मस्तगड भागात अनेक घरांत दखनी बोलतात आणि दाराबाहेर मराठी. इथलं पोर गल्लीत मराठीत भांडतं, पण गुडघा फुटला की 'अम्मी' म्हणूनच रडतं. रडण्याची भाषा कुणी शाळेत शिकत नाही. परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांविषयी वाचताना मला सारखं हेच मनात येतं.

शिशुगृहातलं तीन-चार वर्षांचं मूल इटलीला, स्पेनला, अमेरिकेला जातं. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिले, १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा आली, २००३ मध्ये भारतानं हेग करार स्वीकारला. मूल गेल्यावर दोन वर्षं त्याच्या खुशालीचे अहवाल येतात. हे सगळं हवंच.

पण त्या मुलाला कुणीच नव्हतं असं आपण समजतो, ते खरं नाही. त्याला न्हाऊ घालणारी, रागावणारी, थोपटणारी एक मावशी शिशुगृहात असते. तिच्या पदराचा वास हेच त्याचं घर. नव्या आईबापांना वाटतं, आपण मुलाला घर दिलं. मुलाला वाटतं, माझं घर गेलं. मग ते जेवत नाही, रात्री किंचाळतं. एखादं मात्र मुळीच रडत नाही, कुणाच्याही कडेवर जातं. पाहुणे म्हणतात, किती लवकर रुळलं! जाणकार अशा मुलाकडे अधिक लक्ष द्यायला सांगतात. ज्याला सगळेच सारखे, त्याला आपलं माणूस अजून सापडलेलं नसतं. नुसतं खाणं-कपडे मुलाला पुरत नाहीत, हे जॉन बोल्बी या इंग्रज डॉक्टरनं जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्येच लिहून ठेवलं होतं.

म्हणून सुरुवातीला भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं नव्या आईबापांनीच करावं. घर पाहुण्यांनी भरू नये. शिशुगृहातली गोधडी सोबत न्यावी आणि (हे महत्त्वाचं) ती लगेच धुऊ नये. मावशी कोणतं गाणं म्हणून झोपवते ते तिच्याच आवाजात फोनवर घ्यावं. आणि येताना पंधरा-वीस मराठी शब्द शिकून यावं: भूक, पाणी, शू, दुखतंय, ये, मी आहे. उच्चार चुकले तर चुकू द्यावेत. मूल हसेल, त्यात नुकसान काय?

नावाचंही तसंच. पुण्याच्या श्रीवत्स संस्थेतून १९७९ मध्ये एक तान्ही मुलगी हरेन आणि सू स्थळेकर यांनी दत्तक घेतली. संस्थेतलं तिचं नाव लैला. पुढे लिसा स्थळेकर म्हणून ती ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळली, संघाची कर्णधारही झाली. ती तेव्हा काही आठवड्यांची होती, नाव अजून कानात बसलं नव्हतं. चार वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. हाक मारल्यावर ते ज्या नावाला वळून बघतं, ते एका दिवसात काढून घेऊ नये.

आमच्या परंपरेत दत्तकाऐवजी 'कफाला' आहे. मूल सांभाळा, पण जन्मदात्याचं नाव पुसू नका. पैगंबरसाहेब स्वतः पोरके. त्यांना आधी आजोबांनी, मग चुलत्यांनी वाढवलं. २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुसलमानालाही बालन्याय कायद्याखाली दत्तक घेता येतं. ती वाट मोकळी झाली, हे मला मनापासून आवडलं. तरी नाव न पुसण्याची जुनी रीत परदेशी आईबापांच्याही उपयोगाची आहे असं मला वाटतं.

काही महिन्यांत मूल मराठी विसरेल, नव्या भाषेत हट्ट करील. करू द्यावा. पण पहिल्या रात्री, अनोळखी अंधारात, ते 'मावशी' म्हणून हाक मारील. तेव्हा 'मी मावशी नाही' हे समजावत बसू नये. नुसती ओ द्यावी आणि जवळ जाऊन बसावं.