पाटी पुसण्यापूर्वी
(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाटी पुसण्याची क्रिया शिक्षकाइतकी दुसऱ्या कोणाच्याही परिचयाची नसेल. पहिलीतील मूल चुकते, ओल्या बोळ्याने पाटी पुसते आणि पुन्हा लिहू लागते. त्यात कोणाचे काही बिघडत नाही. कारण पाटीवर जपून ठेवण्याजोगे काही नाही, हे मुलाला व गुरुजींना दोघांनाही ठाऊक असते. शाळेच्या कार्यालयातील संगणकाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या तबकडीवर पुसावयाचे व जपावयाचे असे दोन्ही एकत्रच पडलेले असते, आणि एकदा पुसून झाल्यावर निवड करावयास अवसर राहात नाही. म्हणून ही पाटी पुसावी कशी, यापेक्षा पुसण्यापूर्वी काय करावे, हाच या विवेचनाचा मुख्य विषय आहे.

संगणक मंद चालू लागतो, मधूनच बंद पडतो, किंवा कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेल्या विषाणूने त्यातील फाइली दिसेनाशा होतात. अशा वेळी तालुक्याच्या गावचा दुरुस्ती करणारा एकच उपाय सुचवितो : ‘फॉरमॅट मारून देतो.’ म्हणजे तबकडीवरील सर्व काही काढून टाकावयाचे आणि ऑपरेटिंग सिस्टीम, अर्थात् संगणक चालविणारी मूळ आज्ञावली, नव्याने बसवावयाची. काम सुरू करण्यापूर्वी तो विचारतो, ‘आतले काही पाहिजे का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा दारात उभ्या उभ्या दिले जाते. वास्तविक ते उत्तर द्यावयास एक संपूर्ण दिवस राखून ठेवला पाहिजे.

याचे कारण समजण्यासाठी तबकडीचे कार्य थोडक्यात पाहावे. 1956 साली आय.बी.एम. कंपनीने ‘रॅमॅक’ या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तीत 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या व त्या सर्व मिळून सुमारे 50 लाख अक्षरे साठवीत. आज हाताच्या पंज्याएवढ्या डिस्कमध्ये त्याच्या लक्षावधी पट मजकूर मावतो. तथापि मूळ कल्पना तीच आहे. मजकूर एके ठिकाणी असतो आणि तो कोठे आहे याची अनुक्रमणिका दुसऱ्या ठिकाणी असते. फाइल ‘डिलीट’ केली, किंवा घाईचे म्हणजे ‘क्विक’ फॉरमॅट केले, तर साधारणतः अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी जाते. पुस्तकाचे अनुक्रमणिकेचे पान फाडले म्हणून आतील धडे नाहीसे होत नाहीत. मात्र पुढे त्याच पानांवर नवा मजकूर छापला गेला म्हणजे ते कायमचे जातात. संगणकातही असेच घडते. नवी प्रणाली बसविताना कित्येक गीगाबाइट मजकूर तबकडीवर लिहिला जातो व तो जुन्या मजकुराच्या जागेवर कोठेही पडू शकतो.

येथेच या क्रियेतील खरा धोका ध्यानी येतो. ज्याला जुना मजकूर हवा आहे, त्याला तो परत मिळेल याची खात्री नाही. आणि ज्याच्या हाती तो जाऊ नये, त्याला तो मिळणार नाही याचीही खात्री नाही. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील सिम्सन गारफिंकल व अभि शेलाट या दोन संशोधकांनी जुन्या बाजारातून 158 हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि 2003 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू स्थितीतील 129 डिस्कपैकी केवळ 12 नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांपैकी पुष्कळांवर खाजगी पत्रे, वैद्यकीय माहिती व हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक वाचता येत होते. त्या डिस्क विकणाऱ्यांपैकी अनेकांनी आपली पाटी कोरी आहे असेच मानले असले पाहिजे.

आता शाळेकडे वळू. प्रथमतः पुसणे आवश्यक आहे काय, हे पाहावे. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, फाइली उघडताना वारंवार अडखळत असतील, तर डिस्कच झिजली आहे असे समजावे. अशा डिस्कवर नवी प्रणाली बसविणे म्हणजे वाळवी लागलेल्या फळ्याला नवा रंग देणे होय. तेथे आधी जमेल तितका मजकूर काढून घ्यावा व डिस्क बदलावी. पुष्कळदा पंख्यात साचलेली धूळ किंवा अपुरी स्मृती, म्हणजे रॅम, हेच मंदगतीचे कारण असते. फिरत्या तबकडीऐवजी एस.एस.डी. बसविल्याने जुना संगणकही बराच चपळ होतो. विषाणूचा पक्का शिरकाव झाला असेल, प्रणाली बिघडली असेल किंवा ती बदलावयाची असेल, तेव्हाच पुसण्याचा मार्ग घ्यावा.

तो घ्यावयाचा ठरल्यावर कागदावर यादी करावी. संगणकात ‘सी’ व ‘डी’ असे दोन भाग असले म्हणजे ‘डी’मधील सर्व सुरक्षित आहे, अशी समजूत रूढ आहे. ती दोन प्रकारे फसवी आहे. एक तर ‘डेस्कटॉप’ व ‘डाउनलोड्स’ यांत ठेवलेल्या फाइली सामान्यतः ‘सी’मध्येच असतात, समोर पडद्यावर दिसतात म्हणून त्या वेगळ्या नसतात. दुसरे असे की, प्रणाली बसविणाराने तबकडीचे सर्वच भाग काढून टाकले, तर ‘डी’ही जातो. यास्तव पटनोंदणीचे तक्ते, निकालपत्रके, शालेय पोषण आहाराचे हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, शिष्यवृत्तीच्या याद्या आणि मुलांची व कार्यक्रमांची छायाचित्रे यांपैकी प्रत्येक बाब कोठे आहे, हे यादीत लिहावे.

यादीत तीन बाबी सहसा राहून जातात. पहिली बाब संकेतशब्दांची. शासकीय संकेतस्थळांचे संकेतशब्द ब्राउझरने लक्षात ठेवलेले असतात आणि ते मूळ कोणी ठरविले होते, हे बदलून गेलेल्या मुख्याध्यापकांनाच ठाऊक असते. संगणक पुसला की ही आठवणही पुसली जाते. दुसरी बाब कुलुपाची. विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ नावाची सांकेतिक कुलुपाची सोय असते. ती चालू असल्यास तिची 48 अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली आधीच लिहून घेतली पाहिजे.

तिसरी बाब मराठीची आहे आणि ती सर्वांत अधिक मनस्ताप देणारी आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी लेखन श्रीलिपी, कृतिदेव किंवा आय.एस.एम.मधील सुरेख अशा टंकांत होत असे. त्या पद्धतीत फाइलीमध्ये खरी मराठी अक्षरे नसतात, तर रोमन अक्षरांच्या संकेतांना मराठी आकार दिलेले असतात. ते आकार टंकाच्या फाइलीत असतात आणि टंकाची फाइल ‘सी’मधील विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ या कप्प्यात असते. संगणक पुसून पत्रे जशीच्या तशी परत आणली, पण टंक आणला नाही, तर जुना अहवाल निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी होऊन समोर येतो. फाइल नष्ट झालेली नसते. परंतु शाळेच्या दृष्टीने ती गेल्यासारखीच असते. म्हणून अशा टंकांच्या फाइली प्रतींबरोबर जपाव्यात. महत्त्वाच्या लेखांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे, आणि त्यांची पी.डी.एफ. प्रतही काढून ठेवावी, कारण पी.डी.एफ.मध्ये टंक सहसा अंतर्भूत होतो.

प्रती किती असाव्यात? जाणकार तीन सांगतात : मुख्य प्रत धरून तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक शाळेच्या इमारतीबाहेर. एक प्रत बाह्य डिस्कवर आणि एक शाळेच्या खात्यावरील ऑनलाइन साठ्यात किंवा केंद्रशाळेत, अशी व्यवस्था लहान शाळेलाही जमण्यासारखी आहे. परंतु प्रत घेतली म्हणजे काम झाले असे नव्हे. ती दुसऱ्या संगणकावर लावून प्रत्येक कप्प्यातील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. न तपासलेली उत्तरपत्रिका म्हणजे निकाल नव्हे. तद्वत् न उघडलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे.

प्रत्यक्ष काम त्या मानाने सोपे आहे. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळणाऱ्या साधनाने किमान 8 गीगाबाइटच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर प्रणाली घ्यावी. त्या पेनड्राइव्हवरील पूर्वीचे सर्व काही जाते, हे लक्षात असावे. मग प्रती असलेली बाह्य डिस्क संगणकापासून काढून दूर ठेवावी. ‘कोठे बसवू?’ असे प्रणाली विचारते, त्या वेळी पडद्यावर सर्व डिस्क केवळ क्रमांकाने दिसतात, आणि चुकीचा क्रमांक निवडला की प्रतच पुसली जाते. विजेचा भरवसा नसेल तेथे यू.पी.एस. असल्याखेरीज काम आरंभू नये. विंडोज 10 किंवा त्यापुढील प्रणालीचा अधिकृत परवाना त्याच संगणकावर नोंदलेला असल्यास, तीच आवृत्ती पुन्हा बसविल्यावर तो बहुधा आपोआप ओळखला जातो. यास्तव चोरटी प्रत बसवून देण्याची सूचना कोणी केल्यास ती नम्रपणे नाकारावी. ती बेकायदेशीर तर आहेच, शिवाय अशा प्रतीबरोबरच पुष्कळदा नवा विषाणू घरात येतो.

प्रणाली बसल्यावर प्रथम तिचे अद्ययावतीकरण पूर्ण करावे, नंतर प्रतींची विषाणू-तपासणी करावी आणि मग केवळ कागदपत्रे व छायाचित्रे परत आणावीत. जुने कार्यक्रम प्रतींमधून आणू नयेत, मूळ ठिकाणाहून नव्याने घ्यावेत. भाषेच्या सोयींत मराठी जोडली म्हणजे इन्स्क्रिप्ट कळफलक तेथेच मिळतो. शेवटी यादी हाती घेऊन एकेका बाबीपुढे खूण करावी.

प्रणाली कोणती, हाही विचार आता टाळता येत नाही. विंडोज 10 ला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे नियमित साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. विंडोज 11 साठी किमान 4 गीगाबाइट रॅम, 64 गीगाबाइट साठा व ‘टी.पी.एम. 2.0’ ही सुरक्षा-व्यवस्था लागते. अनेक जुने संगणक या कसोटीस उतरत नाहीत. परंतु तेवढ्याने ते टाकाऊ ठरत नाहीत. उबुंटू, किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस, यांसारख्या लिनक्स प्रणाली विनामूल्य आहेत व त्यांत मराठी लिहिता येते. केरळ राज्यातील शासकीय शाळांनी लिनक्सवर आधारलेली प्रणाली मोठ्या प्रमाणावर स्वीकारली आहे. मात्र शाळेतील छपाईयंत्र व आवश्यक संकेतस्थळे तीवर चालतात की नाही, हे पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून आधी पाहावे. तशी सोय तीत असते.

संगणक शाळेतून कायमचा बाहेर जावयाचा असेल, तर मात्र दुसरे टोक सांभाळावे लागते. त्यात मुलांची आधार क्रमांकांसह माहिती, पालकांचे बँक खाते क्रमांक, जन्मतारखा व जातीच्या नोंदी असतात. 2023 साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यात 18 वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येकास बालक मानून त्याच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे. म्हणून येथे क्विक फॉरमॅट पुरेसे नाही. संपूर्ण तबकडीवर शून्ये लिहिली गेली पाहिजेत. विंडोजमधील पूर्ण फॉरमॅट निवडलेल्या भागापुरते हे काम करते, आणि ‘डिस्कपार्ट’ साधनातील ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा सबंध डिस्कवर करते. सेकंदाला 100 मेगाबाइट या गतीने 500 गीगाबाइटच्या डिस्कला सुमारे दीड तास लागेल. आधुनिक तबकडीस असे एक आवर्तन सामान्यतः पुरते. एस.एस.डी.ची रचना वेगळी असल्याने तीवर लिहिलेली शून्ये प्रत्येक कोपऱ्यात पोहोचतीलच असे नाही. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली ‘सिक्युअर इरेज’ची आज्ञा वापरावी. आणि शासकीय मालमत्ता निर्लेखित करण्याची लेखी मंजुरी हाती आल्याशिवाय यांपैकी काहीही करू नये.

या साऱ्या खटाटोपाचे मोल कोणाला? समजा, वीस वर्षांनी एक तरुण शाळेच्या दारात उभा राहतो. त्याला शाळा सोडल्याचा दाखला हवा आहे, किंवा जातपडताळणीसाठी एक जुनी नोंद हवी आहे. जनरल रजिस्टर कागदावर आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे. संगणक त्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु त्या नोंदीला आधार देणारे निकालपत्रक जर केवळ संगणकातच असेल, तर ते मिळणे न मिळणे एका विसरलेल्या दुपारी दुरुस्ती करणाराला दारात दिलेल्या उत्तरावर अवलंबून राहते. त्या तरुणाला फॉरमॅट, तबकडी, टंक यांतील काहीही ठाऊक नसते. त्याला एवढेच ठाऊक असते की, तो या शाळेत शिकला आणि शाळेने त्याची नोंद ठेवली आहे.

ती नोंद ठेवणे हे शिक्षकाचे जुनेच कर्तव्य होय. केवळ दप्तराचे रूप बदलले आहे. म्हणून पुढील वेळी ‘आतले काही पाहिजे का?’ असा प्रश्न आला, म्हणजे शिक्षकाने शब्दाने उत्तर न देता हातातील यादी पुढे करावी, आणि तीवरील प्रत्येक खूण आधीच झालेली असावी.